देवळाचे छप्पर आणि गावाचे पाणी

(जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्यानिमित्त ग्रामस्थांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



कलशारोहणाच्या मंगल प्रसंगी पाण्याचा विषय कशाला, असे काहींच्या मनात येणे साहजिक आहे. देवाचे दर्शन घ्यावे, भजन ऐकावे, महाप्रसाद घ्यावा आणि घरी जावे, एवढ्यासाठीच पुष्कळ मंडळी आलेली आहेत. तथापि हल्ली आपल्या भागात कोणताही मोठा उत्सव निघाला, की मांडववाल्याच्या आधी टँकरवाल्याला विचारावे लागते. मांडव एक दिवस उशिरा आला तर चालेल, टँकर आला नाही तर भाताची पातेली चुलीवर चढायची नाहीत. देवाच्या दारीच पाणी मोजून वापरण्याची वेळ आली असेल, तर पाण्याचा विषय देवाच्या दारीच काढणे योग्य होय.

आणि दुसरे असे की, महाराष्ट्रात पाण्याची जी मोठी कामे गावकऱ्यांच्या हातून झाली, त्यांतील दोन कामांचा उगम देवळातच आहे. ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. ती आज सांगण्यासारखी आहे.

पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी हे गाव आज सर्वांना माहीत आहे. हा तालुका तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला. किसन बाबूराव हजारे, ज्यांना पुढे सारा देश अण्णा म्हणू लागला, ते सैन्यात भरती झाले, १९६५ च्या युद्धात खेमकरणच्या आघाडीवर होते आणि १९७५ साली नोकरी सोडून गावी परत आले. त्या वेळचे गाव कसे होते? वर्षाचा पाऊस जेमतेम चारशे ते पाचशे मिलिमीटर. बाराशे-पंधराशे वस्तीच्या त्या गावात ओलिताखाली जमीन सत्तर-ऐंशी एकर. धान्य बाहेरून उसने आणायचे, तरुणांनी खडी फोडायला दूर जायचे, आणि राहिलेल्यांनी दारू गाळायची. गावात तीस-चाळीस भट्ट्या होत्या असे सांगतात. यादवबाबांचे देऊळ मोडकळीस आले होते, आणि त्याचे लाकूड लोकांनी काढून भट्टीच्या चुलीत घातले होते. देवळाचे लाकूड दारूच्या चुलीत जाते, याहून गावाची आणखी पडझड काय व्हायची!

हजाऱ्यांनी काय केले? सैन्यातल्या नोकरीच्या शिलकीतले वीस हजार रुपये त्यांनी त्या देवळाच्या जीर्णोद्धाराला लावले. आधी देऊळ, मग पाणी. हा क्रम काही जणांना उलटा वाटेल. गावात पाणी नसताना देवळावर पैसा कशाला, असा प्रश्न शहरातल्या माणसाला सुचेल. पण खेड्यात राहणाऱ्याला उत्तर ठाऊक आहे. गावातल्या दोन तटांचे लोक एकमेकांच्या ओट्यावर बसत नाहीत, पण देवळाच्या पायरीवर बसतात. ज्या कामात कोणाचा स्वार्थ दिसत नाही, त्या कामाला तरुण पोरे हात लावतात. देवळाचे काम पाहून पोरे जमली, पोरांपाठोपाठ म्हातारी मंडळी जमली, आणि जिथे चार माणसे बसायला भीत होती तिथे गावाची बैठक भरू लागली. दारूच्या भट्ट्या बंद करण्याचा निर्णय त्याच देवळात झाला. पुढे अडीअडचणीच्या कुटुंबाला उसने धान्य देणारी धान्य बँकही त्यातूनच उभी राहिली.

मग पाणी. गावाला एक पाझर तलाव सरकारी खर्चाने झालेला होता, पण त्यात पाणी ठरत नव्हते. पावसाळा संपला की तलाव कोरडा. पाझर तलावातून पाणी पाझरले पाहिजे हे खरे, पण ते बांधाच्या खालून पळून जाता कामा नये. गावकऱ्यांनी श्रमदान करून ती गळती बंद केली. पुढच्या उन्हाळ्यात तलावाच्या खालच्या अंगाच्या विहिरींना पाणी राहिले. उन्हाळ्यात विहिरीला पाणी, ही गोष्ट त्या गावच्या पुष्कळ लोकांनी तेव्हा प्रथमच पाहिली. त्यानंतर लोकांना व्याख्यान द्यावे लागले नाही. डोंगरउतारावर समपातळीत चर खणले, ओढ्यानाल्यांना ठिकठिकाणी बांध घातले, लाखो झाडे लावली. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही पाच सूत्रे ठरली. उसासारख्या तहानलेल्या पिकाला गावाने आपणहून नकार दिला.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. दारू पिऊन येणाऱ्याला खांबाला बांधून मारण्याची जी रीत त्या गावात सुरुवातीला होती, ती सर्वांना पटण्यासारखी नाही आणि तिचे कौतुक करण्याचे कारण नाही. गावातला तलाव अडला तो बांधाने, चाबकाने नव्हे. त्या कामातले घेण्यासारखे ते घ्यावे, बाकीचे तिथेच सोडावे.

दुसरी हकीकत पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यातील नायगावची आहे. १९७२ च्या दुष्काळाची आठवण येथे बसलेल्या साठी-सत्तरीच्या मंडळींना असेल. कोकणात तो दुष्काळ तितका भाजला नाही, पण मिलो ज्वारीच्या भाकऱ्या आणि रेशनच्या रांगा येथेही होत्या. घाटावर तर लाखो माणसे रोजगार हमीच्या आधीच्या दुष्काळी कामांवर खडी फोडत होती. पुण्यात स्वतःचा कारखाना चालवणारे विलासराव साळुंखे नावाचे एक इंजिनिअर त्या वेळी पुरंदरच्या गावांतून फिरले. त्यांनी पाहिले की, सरकार माणसांना काम देते, धान्य देते, पण माणूस पुढच्या दुष्काळात पुन्हा त्याच खडीच्या ढिगावर येणार आहे. त्यांनी नायगावात चाळीस एकर उजाड माळ दीर्घ मुदतीच्या कराराने घेतला. तो माळ कोणाचा होता? गावच्या देवस्थानाचा. देवाच्या इनामाची ती जमीन गवताच्या काडीलाही महाग होती. त्या जमिनीवर त्यांनी उताराला बांध घातले, वर पाणी अडवले, खाली विहीर खणली, आणि त्या माळावर पीक उभे करून दाखवले. तेथे वर्षाला पाचशे मिलिमीटरही पाऊस पडत नाही, हे लक्षात ठेवावे.

पण साळुंख्यांचे खरे काम बांधबंदिस्तीचे नाही, ते वाटपाचे आहे. पाणी अडवणे हे कष्टाचे काम आहे, पण अडवलेले पाणी वाटणे हे भांडणाचे काम आहे. ज्याची जमीन मोठी त्याला जास्त पाणी, ज्याचे इंजिन मोठे त्याला आधी पाणी, असा जगाचा व्यवहार. नायगावात त्यांनी तो मोडला. पाणी जमिनीवर नव्हे, माणसांवर वाटायचे. घरात जितकी माणसे, तितक्या माणसांना दर माणशी अर्ध्या एकराचे पाणी, आणि कुटुंब कितीही मोठे असले तरी अडीच एकरांच्या वर नाही. ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्याचा वाटा. जमीन विकली तर पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जात नाही. ऊस लावायचा नाही. खर्चाचा वाटा प्रत्येक सभासदाने स्वतःच्या खिशातून उचलायचा, म्हणजे फुकट मिळालेल्या वस्तूची जी हेळसांड होते ती होत नाही. आणि पाळीपाळीने पाणी सोडण्यासाठी एक पाटकरी नेमायचा, ज्याचा शब्द सर्वांनी मानायचा. यालाच पुढे पाणी पंचायत हे नाव पडले आणि आसपासच्या अनेक गावांत तशा योजना झाल्या. राळेगणच्या मंडळींनीही साळुंख्यांच्या कामापासून पुष्कळ घेतले. साळुंखे २००२ साली वारले. भूमिहीन माणसालाही पाण्याचा हक्क आहे, हे त्यांनी सांगितले तेव्हा ते पुष्कळांना वेडेपणाचे वाटले होते. आजही ते सर्वत्र झालेले नाही.

तिसरे गाव हिवरे बाजार, अहिल्यानगर शहरापासून जवळच. त्याचा येथे उल्लेख करण्याचे कारण म्हणजे तिथले शिक्षण. हिवरे बाजार हे पूर्वी पैलवानांचे गाव म्हणून ओळखले जाई. दुष्काळाने ते मोडले, घरे बंद पडली, आणि सरकारी नोकराची हिवरे बाजारला बदली म्हणजे शिक्षा समजली जाऊ लागली. सरकारी नोकरी केलेल्या माणसाला या एका वाक्यावरून गावाची सगळी कळा कळते. १९८९ साली पोपटराव पवार हा शिकलेला तरुण तेथे बिनविरोध सरपंच झाला. १९९४ पासून आदर्श गाव योजनेत गावाने डोंगरावर चर खणले, बांध घातले, झाडे राखली. शेतीसाठी बोअर मारायची नाही, ऊस आणि केळी लावायची नाहीत, असे गावाने ठरवले. गाव सोडून गेलेली कुटुंबे परत आली. २००७ साली गावाला राष्ट्रीय जल पुरस्कार मिळाला आणि २०२० साली पवारांना पद्मश्री जाहीर झाली.

बांध तर पुष्कळ गावांनी घातले. हिवरे बाजारने त्यापुढे जाऊन पाण्याची चोपडी लिहायला घेतली. पाऊसमापकावर रोजचा पाऊस मोजायचा, ठरावीक विहिरींची पाणीपातळी मोजायची, आणि पावसाळा संपला की ग्रामसभेत जमा-खर्च मांडायचा. हिशेब अगदी साधा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर ते एक लिटर पाणी होते. गावाचे क्षेत्र सुमारे ९७६ हेक्टर. म्हणजे त्या शिवारावर एक मिलिमीटर पाऊस पडला की जवळजवळ एक कोटी लिटर पाणी आकाशातून आले. त्यातले किती वाहून गेले, किती उन्हाने उडाले, किती मातीत राहिले, किती विहिरीत उतरले, हे मांडायचे. मग खर्च. पहिला खर्च माणसांच्या आणि गुरांच्या पिण्याचा. तो बाजूला काढून ठेवल्यावर जे उरेल त्यावर रब्बीचे पीक ठरवायचे. पाऊस चांगला झाला तर गहू-कांदा, कमी झाला तर ज्वारी-हरभरा, फारच कमी झाला तर उन्हाळी पिकाचे नाव काढायचे नाही. शाळेतली मुले या मोजणीत असतात. पाचवी-सहावीच्या मुलाला आपल्या गावच्या विहिरीला किती फूट पाणी आहे हे ठाऊक असेल, तर त्याचा बाप रात्री चोरून मोटार लावायला कचरतो. पाण्याच्या शिक्षणाचा याहून मोठा उपयोग दुसरा नाही.

अलीकडे २०१६ साली पानी फाउंडेशनने वॉटर कपची स्पर्धा काढली, तीही शिक्षणावरच उभी होती. पहिल्या वर्षी वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव हे तीनच तालुके होते. गावातल्या निवडक माणसांना आधी चार दिवस शिकवायचे, मग उन्हाळ्याच्या पंचेचाळीस दिवसांत गावाने श्रमदान करायचे. त्या वर्षी सातारा जिल्ह्यातले वेळू गाव पहिले आले. मशीन आधी आणि माणूस नंतर असे जेथे झाले तेथे काम टिकले नाही, जेथे माणूस आधी शिकला तेथे टिकले, असा त्या कामाचा साधारण अनुभव आहे.

आता कोणी म्हणेल, हे सगळे घाटावरचे. त्यांच्याकडे पाऊस नाही, आपल्याकडे तर आषाढात घराबाहेर पडता येत नाही. हे म्हणणे खरे आहे आणि म्हणूनच आपली गोष्ट जास्त लाजेची आहे. उरणच्या किनाऱ्यावर वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आगेमागे पाऊस पडतो. हिवरे बाजारला पडतो त्याच्या पाचपट. आणि होळी झाली की आपल्या आयाबहिणी हंडा-कळशी घेऊन रांगेत उभ्या. तालुक्याच्या दप्तरात दरवर्षी टंचाई आराखडा तयार होतो. त्याचे तीन भाग असतात, ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून. यादीत वाड्या-पाड्यांची नावे येतात, विंधण विहिरींची दुरुस्ती येते, टँकर येतो. टँकरचे पाणी देताना माणशी रोज वीस लिटर धरतात. वीस लिटर म्हणजे एक मोठा हंडा आणि एक कळशी. त्यात पिणे, स्वयंपाक, भांडी, आंघोळ सगळे आले. २०१९ च्या जल जीवन मिशनने माणशी पंचावन्न लिटर नळाने द्यायचे ठरवले. नळ पुष्कळ ठिकाणी बसले. पण नळ म्हणजे पाणी नव्हे, नळ म्हणजे पाणी येण्याची वाट होय.

उरणच्या मोठ्या भागाला एमआयडीसीच्या रानसई धरणाचे पाणी आहे, पूर्व भागातल्या गावांना पुनाडे धरणाचा आधार आहे. पाऊस लांबला की पाणीकपात सुरू होते आणि पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणाच्या पाण्याकडे डोळे लागतात. १९७० पासून नव्या शहरासाठी जमिनी गेल्या, १९८९ साली न्हावाशेवा बंदर सुरू झाले, १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतूचे आणि उरणच्या रेल्वेचे एकाच दिवशी उद्घाटन झाले. या काळात भातखाचरे आणि मिठागरे भरावाखाली गेली, त्यांबरोबर कितीतरी डबकी, तळी आणि विहिरीही गेल्या. जमिनीच्या हक्कासाठी १९८४ च्या जानेवारीत या तालुक्यातल्या पाच जणांनी गोळ्या झेलून प्राण दिले. त्यांच्या स्मृतिदिनाला आपण सारे जातो. जमिनीखालच्या पाण्याचा हिशेब मात्र त्या सगळ्या गडबडीत कोणी मागितला नाही, आपणही नाही.

एवढा पाऊस पडून पाणी राहत का नाही, हेही समजून घेतले पाहिजे. आपला डोंगर काळ्या कातळाचा. त्या कातळात पाणी राहते ते वरच्या मुरमात आणि भेगांत, म्हणजे साठा मुळातच थोडा. डोंगर समुद्राला लागून, उतार तीव्र. चिरनेरच्या डोंगरावर पडलेला पाऊस काही तासांत खाडीला मिळतो. डोंगरावर झाडी होती तोवर तो थोडा रेंगाळत होता. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरच्या अक्कादेवीच्या माळावर ज्या जंगलासाठी माणसे इंग्रजांच्या गोळीला सामोरी गेली, ते जंगल म्हणजे नुसते लाकूडफाटा नव्हते, आपल्या ओढ्याचे पाणीही तेच होते.

किनाऱ्याच्या विहिरींची तर आणखी वेगळी गोष्ट. समुद्राजवळच्या जमिनीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, दुधावर साय असते तसे. वाळूच्या जमिनीत समुद्रसपाटीच्या वर एक फूट गोडे पाणी उभे असेल, तर त्याच्या खाली सुमारे चाळीस फूट गोडे पाणी असते, असा शास्त्राचा हिशेब आहे. ऐकायला बरे वाटते. पण तोच हिशेब उलटा लावून पाहावा. पंप लावून वरची एक फूट पातळी उतरवली, तर खालून खारे पाणी चाळीस फूट वर सरकायला बघते. म्हणून किनाऱ्याला बोअर जितकी खोल तितके पाणी जास्त हा समज चुकीचा आहे. खोल गेले की मीठच हाताला लागते. आणि एकदा मचूळ झालेली विहीर पुन्हा गोडी व्हायला कित्येक पावसाळे लागतात. सार्वजनिक पिण्याच्या विहिरीपासून पाचशे मीटरच्या आत परवानगीवाचून नवी विहीर घ्यायची नाही, असे १९९३ च्या भूजल कायद्यानेच ठरवले होते. किती जणांना ते ठाऊक आहे? बंगल्याच्या आवारात बोअर मारताना परवानगी विचारणारा विरळाच.

वास्तविक पाण्याचे शहाणपण आपल्या लोकांना नवीन नाही. आगरी माणसाचे नावच आगरावरून पडले. मिठागराचे काम म्हणजे पाणी सांभाळण्याचेच काम. उधाणाचे पाणी कोणत्या तिथीला आत घ्यायचे, ते किती दिवस ठेवायचे, एका कोंडीतून दुसऱ्या कोंडीत कधी सोडायचे, हे पाटी-पुस्तकाशिवाय ठाऊक असलेली माणसे या गावांत होती. खारजमिनीचे तसेच. समुद्राकडून बांध, बांधाला उघाडी. ओहोटीला आतले पावसाचे पाणी दार ढकलून बाहेर जाते, भरतीला समुद्राच्या दाबाने तेच दार बंद होते. वीज नाही, मोटार नाही. बांधाला खांड पडली तर अर्ध्या रात्री सारे गाव चिखलात उतरत असे, घरटी एक माणूस. तिथे कोणी विचारत नसे की फुटले ते कोणाच्या शेतासमोर, कारण खारे पाणी एकदा आत शिरले की दोन-तीन वर्षे कोणाचेच भात धड होत नाही. खारे पाणी बाहेर ठेवायला जे गाव रात्री उठत होते, ते गाव गोडे पाणी आत ठेवायला दिवसाही उठत नाही, ही आजची स्थिती आहे.

गोड्या पाण्याचीही जुनी सोय होतीच. घारापुरीच्या लेण्यांजवळ खडकात कोरलेली पाण्याची टाकी पाहावी. चहूबाजूंनी समुद्र असलेल्या बेटावर शिल्पकारांनी देव कोरला तेव्हा पाण्याची टाकीही कोरली. मुंबईच्या उत्तरेला वसईत वाडीवाडीत बावखले खणलेली होती. पावसाचे पाणी त्यात भरायचे, जमिनीत मुरायचे आणि समुद्राचे खारेपण दूर राहायचे. त्यांतील कितीतरी भराव घालून बुजवली. उरण शहरातला विमला तलाव आपल्या डोळ्यांसमोर आहे. देऊळ तिथे तळे किंवा विहीर, ही जुन्यांची रीत नुसती पाय धुण्यापुरती नव्हती.

आणि आता जीर्णोद्धाराविषयी. हल्ली देवळाचे काम निघाले की सभामंडपाला स्लॅब पडतो, आवाराला लादी बसते, आणि देवळाची जुनी विहीर कचरा पडतो म्हणून लोखंडी झाकणाखाली जाते. आवार स्वच्छ दिसते, चिखल होत नाही, भाविकांची सोय होते. पण पूर्वी त्या आवारात पडणारे जे पाणी जमिनीत मुरत होते, ते आता लादीवरून गटारात आणि गटारातून खाडीत जाते. काम सुंदर झाले, देणगीदारांनी हात सैल सोडला, गवंड्यांनी मनापासून केले, यात शंका नाही. पाण्याचे तेवढे राहून गेले. ते अजून करता येण्यासारखे आहे.

एक साधा हिशेब. चाळीस फूट लांब आणि पंचवीस फूट रुंद सभामंडप धरावा. एक हजार चौरस फूट, म्हणजे सुमारे त्र्याण्णव चौरस मीटर. त्यावर दोन हजार मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लाख शहाऐंशी हजार लिटर. उडाले, सांडले, पहिले सोडून दिले, असे पाचवा हिस्सा वजा टाकला तरी दीड लाख लिटरच्या घरात पाणी उरते. दहा हजार लिटरचे पंधरा टँकर. माणशी वीस लिटरच्या टंचाईच्या मापाने पन्नास घरांच्या अडीचशे माणसांना तीस दिवस. म्हणजे अख्खा मे महिना. हे फक्त देवळाच्या छपराचे. शाळेचे छप्पर, समाजमंदिराचे छप्पर, आपापल्या घरांचे स्लॅब यांत धरलेले नाहीत.

दीड लाख लिटरची टाकी बांधणे खर्चाचे आहे, हे उघड आहे. तेव्हा वीस-पंचवीस हजार लिटरची बंद टाकी बांधावी आणि बाकीचे पाणी गाळून देवळाच्या विहिरीत सोडावे. विहिरीत सोडलेले सगळेच पाणी मे महिन्यापर्यंत तेथे थांबेल असे कोणी समजू नये. कातळात ते हळूहळू खाली आणि बाजूला सरकणारच. पण ते खालच्या आळीच्या विहिरींना मिळेल आणि खारे पाणी थोडे मागे रेटील, हाही फायदाच आहे. ओढ्यावर रिकाम्या सिमेंटच्या गोण्यांत माती भरून दसरा-दिवाळीच्या सुमारास वनराई बंधारा घातला, तर ओढ्याचे वाहते पाणी आणखी काही आठवडे अडते. मोहन धारियांच्या वनराई संस्थेने या बंधाऱ्यांचा प्रसार केला. त्याला लागतात गोण्या, फावडी आणि एक रविवार. सोसायटीच्या आणि बांधकामाच्या ठिकाणी रिकाम्या गोण्यांचे ढीग पडलेले असतात, ते कोणाला तरी आणायला सांगावे लागेल एवढेच.

शाळेच्या मुलांना एक काम द्यावे. सरळ कडांचा डबा शाळेच्या मोकळ्या आवारात, झाडापासून दूर, विटांत घट्ट बसवावा आणि रोज सकाळी साडेआठ वाजता त्यात साचलेले पाणी फूटपट्टीने मोजून वहीत लिहावे. डबा कडांना सरळ असला की जितके मिलिमीटर पाणी उभे राहिले तितका पाऊस, त्याला तोंडाच्या मापाचा हिशेब लागत नाही. दर महिन्याच्या एक तारखेला देवळाच्या विहिरीत फुटाफुटाला गाठ मारलेली दोरी सोडून पाणी किती खाली आहे ते पाहावे, शिक्षक बरोबर असल्याशिवाय नाही. दोन्ही आकडे देवळाच्या भिंतीवरच्या फळ्यावर, देणगीदारांच्या नावांच्या शेजारी लिहावेत.

पन्हाळ आणि पाइप मृग नक्षत्राच्या आधी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यापूर्वी बसले पाहिजेत. पाइप विहिरीत सोडण्याआधी एक गाळणखड्डा हवा, तळाशी मोठी खडी, त्यावर बारीक खडी, वर जाड वाळू, आणि वाळू दर उन्हाळ्यात काढून धुतलेली. विहिरीत निर्माल्य पडू नये म्हणून जाळी, टाकीत टीसीएल पावडर टाकण्यासाठी ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला आधीच सांगून ठेवलेले. छपरावर आठ महिने धूळ, कबुतरांची घाण आणि बंदराच्या रस्त्यावरची काजळी साचते, म्हणून पहिल्या दोन-तीन सरींचे पाणी झडप उघडून बाहेर सोडायचे आणि मग झडप बंद करायची. पहिला पाऊस बहुधा रात्री येतो. त्या रात्री छत्री घेऊन देवळात यायचे कोणी आणि झडप फिरवायची कोणी, त्या दोघांची नावे आज महाप्रसादाला बसण्यापूर्वी विश्वस्तांनी विचारून घ्यावीत.